मिसरूड फुटण्याचे वय आणि आपले कथावाङ्मय

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की बहुतेक घरांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते : तो हल्ली बोलत नाही. कालपर्यंत शाळेतून आल्याबरोबर दप्तर कोपऱ्यात टाकून दिवसभराची हकीकत सांगणारा मुलगा आता विचारलेल्या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच उत्तर देतो, जेवण उरकतो आणि दार लोटून घेतो. आईला वाटते, काही लपवतो आहे. वडिलांना वाटते, शेफारला आहे. अशा पालकांना सल्ला देणाऱ्या पुस्तकांची आज वाण नाही. त्यांतली काही चांगलीही आहेत. परंतु ज्या वयाचे मुख्य लक्षणच मौन हे आहे, त्या वयाची माहिती बाहेरून निरीक्षण करून किती मिळणार? न बोलणाऱ्याच्या मनात शिरण्याची सोय ललित वाङ्मयात असते. म्हणून मुलांच्या संगोपनाचा हा प्रश्न वाङ्मयाच्या अंगाने विचारून पाहण्यासारखा आहे : आपल्या कथाकादंबरीने या वयाच्या मुलाला कसे पाहिले, आणि त्या पाहण्यातून त्याला वाढवणाऱ्यांच्या हाती काय लागते?

प्रथम शब्दाकडेच पाहू. या वयाला मराठीत आपण ‘पौगंडावस्था’ म्हणतो. जुन्या संस्कृत गणनेत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. म्हणजे ज्या शब्दाने आपण चौदा वर्षांच्या मुलाचे वय सांगतो, तो मुळात सात-आठ वर्षांच्या पोराचा आहे. ‘गद्धेपंचविशी’ म्हणावे, तर ती पुढच्या वयाची. ‘वयात येणे’ हा वाक्प्रयोग आपण मुलीच्या बाबतीत जितक्या सहज करतो, तितक्या सहज मुलाच्या बाबतीत करीत नाही. मुलाविषयी बोलायचे तर मिसरूड फुटले, आवाज फुटला, शिंगे फुटली; आणि रागावून बोलायचे तर, ‘एवढा घोडा झालास तरी कळत नाही!’ शरीरात काय फुटले याची नोंद भाषेने नीट ठेवली आहे. मनात काय फुटते आहे यासाठी तिच्यापाशी फारसे शब्द नाहीत. ही उणीव केवळ कोशाची नाही, ती पाहणाऱ्या दृष्टीचीही आहे.

२

मराठी कादंबरीत कोवळ्या वयाच्या मनाने प्रथमपुरुषी बोलावयास प्रारंभ केला तो मुलीच्या तोंडून. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली आणि यमूने आपली कहाणी स्वतःच सांगितली. तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. मुलीचे वय हा समाजापुढील जळता प्रश्न होता आणि तिचे दुःख उघड दिसत होते. मुलाच्या वयाचा प्रश्न कोणी केलाच नाही. त्याचेही लग्न लवकर होई, त्याच्यावरही परीक्षेचे व नोकरीचे ओझे येई; परंतु तो घरचा पुढचा कर्ता पुरुष, त्याला दुःख कसले, अशी समजूत होती. बाल्य आणि कर्तेपण यांच्यामध्ये एक तिसरी अवस्था असते, हे मान्य होण्यास फार काळ जावा लागला. पाश्चात्य मानसशास्त्रातही स्टॅन्ली हॉल यांचा या वयावरील द्विखंडात्मक ग्रंथ निघाला तो १९०४ साली.

या अवस्थेचे एक विलक्षण प्रामाणिक चित्र आपल्याकडे आले ते कादंबरीतून नव्हे, आत्मचरित्रातून. १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये येऊ लागलेल्या आपल्या आत्मकथेत गांधीजींनी पंधराव्या वर्षी केलेल्या चोरीची हकीकत सांगितली आहे. भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा त्यांनी काढला, मन खाऊ लागले, तोंडाने सांगण्याचा धीर होईना म्हणून चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, डोळ्यांतून पाणी आले, क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकली. एक शब्दही बोलले नाहीत. या प्रसंगात मुलाच्या कबुलीइतकेच वडिलांचे मौन महत्त्वाचे आहे. मुलगा शिक्षेची तयारी करून आला होता. शिक्षा झाली असती तर हिशेब मिटला असता. ती न झाल्यामुळे तो प्रसंग आयुष्यभर पुरला. या वयातील मुलाशी वागण्याचे फार मोठे शास्त्र या लहानशा प्रसंगात आहे आणि तरी त्यातून नियम काढता येत नाही. कारण चिठ्ठी फाडणारे प्रत्येक वडील करमचंद गांधी नसतात, आणि चिठ्ठी लिहिणारा प्रत्येक मुलगाही मोहनदास नसतो. एका बापाने एका मुलाला बरोबर ओळखले, एवढेच तेथे घडले आहे.

३

मराठीबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना एक लाभ असतो : शेजारच्या भाषांतील वाङ्मय कानावर पडते आणि तुलनेला आयते हाती येते. या विषयात बंगालीने आपल्या आधी एक पाऊल टाकलेले दिसते. रवींद्रनाथांची ‘छुटी’ ही कथा १८९२ मधली. खेड्यातला दांडगा फटिक मामाबरोबर कलकत्त्याला शिकायला जातो. जाताना आनंदाच्या भरात आपला गळ, पतंग, फिरकी असा सारा ठेवा धाकट्या भावाला देऊन टाकतो. शहरात मामीला तो नकोसा होतो, शाळेत मास्तरांना तो ढ वाटतो. सुट्टी केव्हा, एवढेच तो विचारीत राहतो. शेवटी तापात भर पावसातून घराकडे निघतो. आई येते तेव्हा तो भ्रमात असतो, आणि त्याला मिळते ती कायमचीच सुट्टी.

या कथेच्या मध्यावर रवींद्रनाथ कथानक थांबवून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाविषयी थोडे बोलतात. असा मुलगा शोभेचाही नसतो आणि उपयोगाचाही नसतो. त्याने लाडके बोलावे तर ते बालिश वाटते, शहाण्यासारखे बोलावे तर आगाऊपणा ठरतो. कपडे त्याला अकस्मात आखूड होतात, आणि हाही जणू त्याचाच अपराध. आणि नेमक्या याच काळात त्याचे मन कोणाच्या तरी मायेसाठी सर्वांत अधिक आसुसलेले असते. असा आशय त्या परिच्छेदात आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो शिळा झालेला नाही, कारण रवींद्रनाथांनी मुलाचे वर्णन करता करता त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे वर्णन केले आहे. फटिकमध्ये दोष नाही. तो कोणत्याच कप्प्यात बसत नाही, हे इतरांना सहन होत नाही. मामीही दुष्ट नाही. तिला स्वतःची तीन मुले आहेत, आणि हा परका, वाढता, अवघडलेला मुलगा घरात कोठे ठेवावा हे तिला कळत नाही. परक्याच्या आश्रयाला शिकायला राहिलेला मुलगा आपल्याकडेही घरोघर होता. वार लावून जेवणारे विद्यार्थी तर मराठी समाजाने पिढ्यान् पिढ्या पाहिले. त्यांच्या कष्टांच्या कहाण्या आपण कौतुकाने सांगितल्या. ते पुढे मोठे झाले म्हणून सांगितल्या. जो फटिक मोठा झालाच नाही, त्याच्यासाठी मराठीत अशी कथा त्या काळी झाली नाही.

४

मराठीत वाढत्या मुलाचे पुस्तक म्हटले की पहिले नाव ‘श्यामची आई’चेच येणार, आणि तसे येणे रास्तही आहे. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. बेचाळीस रात्रींच्या या कथनाने मराठी घराघरांत आईची एक प्रतिमा कायमची बसवली. परंतु जे पुस्तक सर्वांनाच ठाऊक असते, ते पुन्हा वाचावयाचे बहुधा राहून जाते. या पुस्तकाचे तसेच झाले आहे.

लोकांच्या स्मरणात ‘श्यामची आई’ हे रडविणारे, हळुवार पुस्तक आहे. प्रत्यक्षात ही आई कितीतरी कठोर आहे. श्याम पोहायला भितो, माळ्यावर लपून बसतो, तर ती शिंपटीने फोडून त्याला विहिरीवर पाठविते. पुस्तकासाठी पैसे चोरणाऱ्या श्यामची ती गय करीत नाही. आणि तरीही तिचा जाच वाटत नाही, कारण मारल्याचे दुःख तिलाच अधिक होते हे श्याम पाहतो. शिवाय ती त्याच्याकडून ज्याची अपेक्षा करते ते स्वतः करताना त्याला रोज दिसते. अळणी भाजीचा प्रसंग घ्या. स्वयंपाकात मीठ घालायचे राहते; जेवताना कोणी अवाक्षर काढीत नाही; आई स्वतः जेवायला बसते तेव्हाच तिला ते कळते. येथे कोणी कोणाला उपदेश करीत नाही. वडिलांचा संयम मुलगा पाहतो, आईची हळहळ पाहतो, आणि कष्टाने रांधणाऱ्याला दुखवायचे नसते ही गोष्ट त्याच्या अंगी लागते. या घरात मुलापासून काही लपविलेले नाही : कर्ज, सावकाराच्या माणसाचा दारातला अपमान, आईचे आजारपण. आज आपण मुलाला घरातील प्रत्येक अडचणीपासून दूर ठेवतो आणि मग तो बेजबाबदार निघाला म्हणून खंत करतो. या बाबतीत श्यामचे घर आपल्याहून शहाणे होते.

तथापि समीक्षकाने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. ही कथा सांगतो आहे तो प्रौढ श्याम. तो आश्रमात मित्रांपुढे बसून बोलतो आहे, आणि प्रत्येक प्रसंग कृतज्ञतेच्या प्रकाशात मांडतो आहे. त्यामुळे अपराध, आईचे बोलणे, पश्चात्ताप आणि शुद्धी असा क्रम बहुतेक रात्री पाळला जातो. मारले जात असताना त्या मुलाच्या मनात राग आला असेल, आईविषयी क्षणभर शत्रुत्व वाटले असेल, तर ते कथनापर्यंत पोहोचताना विरघळून गेले आहे. शरीरातील बदलांचा, त्या वयातील लाजेचा, स्वप्नांचा तर प्रश्नच नाही. गुरुजींना ते लिहायचे नव्हते. त्यांना आईचे ऋण फेडावयाचे होते. दोष त्यांच्याकडे जात नाही. दोष आपला आहे. आपण हे ऋणपत्र मुलगा कसा असावा याचा नमुना म्हणून वापरले. ‘श्याम बघ कसा होता!’ असे म्हणून हे पुस्तक किती मुलांच्या हाती दिले गेले असेल! कृतज्ञता ही मोठेपणी उमलणारी भावना आहे. चौदाव्या वर्षी तिची मागणी केली, तर मुलगा ढोंग तरी शिकतो किंवा पुस्तक तरी मिटून ठेवतो.

याच सुमारास, १९३२ साली, बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘अपराजित’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिची येथे आठवण होते, ती एका विलक्षण साम्यामुळे आणि त्याहून विलक्षण भेदामुळे. अपूही गरिबाघरचा, तोही शिक्षणासाठी आईपासून दूर गेलेला. त्याच्याही माघारी आई जाते. श्याम घरी पोहोचतो तेव्हा चितेची राख झालेली असते आणि त्या राखेत त्याला आईची मूर्ती दिसते. अपूला आईच्या मृत्यूची बातमी कळते तेव्हा, दुःख उसळण्याआधी, क्षणभर सुटकेसारखे काहीतरी वाटते, आणि त्या वाटण्याने तो स्वतःच हादरतो. सत्यजित राय यांनी १९५६ साली या कादंबरीवर चित्रपट केला. त्यातही आईची ओढ आणि मुलाचे दूर जाणे यांचाच ताण मध्यवर्ती आहे. श्यामचे दुःख खरे आहे, अपूचेही खरे आहे. परंतु अपूच्या त्या एका क्षणात मुलगा वाढणे म्हणजे काय, हे अधिक निर्दयपणे सांगितले गेले आहे. वाढण्यात दूर जाणे असते. दूर जाण्यात थोडी कृतघ्नता असते. आणि ही कृतघ्नता प्रेमाच्या अभावातून आलेली नसते. सर्वजयेसारख्या आईला हे कोणी सांगत नाही. मुलगा पत्र लवकर का लिहीत नाही, एवढेच तिला कळते.

५

स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरीत मुलाच्या समोर आईच्या जागी बाप उभा राहिला. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा पांडुरंग सांगवीकराच्या भाषेने वाचक चकित झाले. तो वयाने श्यामपेक्षा मोठा आहे. पुण्याच्या वसतिगृहातील महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. तरीही बापाशी त्याचे जे चालले आहे, ते त्याही आधीपासूनचे आहे. खानदेशातील खात्यापित्या घरचा बाप मुलाला पैसे पुरवितो, शिकवितो, त्याच्याविषयी मनसुबे रचतो. आणि मुलगा ते पैसे उधळतो, अभ्यास बुडवितो आणि शेवटी गावी परततो. बाप वाईट नाही. मुलगाही वाईट नाही. परंतु दोघांच्या बोलण्यात एकही वाक्य दुसऱ्यापर्यंत जात नाही. बाप हिशेब विचारतो तेव्हा त्याला खरोखर हिशेबच हवा असतो. मुलाला त्यात आपल्या सगळ्या अस्तित्वाचाच जाब विचारल्यासारखे वाटते. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागात हे अंतर असह्य होते. घर रीतीप्रमाणे शोक करते, आणि पांडुरंगाचे दुःख कोणत्याच रीतीत मावत नाही. ‘कोसला’च्या विनोदावर, तिऱ्हाईतपणावर आपल्या समीक्षेने पुष्कळ लिहिले. ज्या मुलाचे दुःख घरात मावले नाही तो पुढे थट्टेचा आश्रय घेतो, हेही त्या विनोदाचे एक मूळ आहे, एवढे येथे नोंदवावेसे वाटते. आपल्या घरातला मुलगा अकस्मात सगळ्याचीच टिंगल करू लागला, तर त्याला उर्मट ठरविण्यापूर्वी हे मूळ शोधून पाहावे.

‘कोसला’तल्या बापाने मुलाला शाळेत घातले. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला बाप मुलाला शाळेतून काढतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कागलच्या शेतात राबणारा मुलगा आहे. बापाला त्याचे हात हवे आहेत. आई गावातल्या वजनदार माणसाकडे जाऊन शब्द टाकते, तेव्हा कोठे मुलाला शाळेची वाट मिळते, आणि तीही आधी शेतावर राबून मग वर्गात बसण्याच्या अटीवर. येथे ‘वाढत्या वयाच्या समस्या’ हा शब्दप्रयोगच चैनीचा वाटू लागतो. आणि तरी याच पुस्तकात त्या वयाची एक फार नाजूक खूण टिपलेली आहे. सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणून शिकवितात; मुलगा शेतात पाणी पाजताना, गुरे राखताना त्या गुणगुणू लागतो. पूर्वी त्याला शेतावर एकटेपणा खायला उठे. आता त्याला एकटेपणा हवासा वाटू लागतो, कारण एकटे असले की मोठ्याने गाता येते. मुलगा एकांत मागतो तेव्हा तेथे काय करीत असेल, या शंकेने व्याकूळ होणाऱ्या प्रत्येक पालकाने हा भाग वाचावा. एकांताला भिण्यापूर्वी त्या एकांतात मुलाला गुणगुणायला आपण काही दिले आहे काय, हे विचारावे.

६

इतके होऊनही मराठीत चौदा वर्षांचा मुलगा स्वतःच्या आवाजात, त्याच वयात उभा राहून बोलला नव्हता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अर्थातच बोलका, चपळ आणि लाडका. परंतु साहसकथेचा नायक वाढत नसतो, आणि न वाढणे हेच त्याचे सुख असते. ती उणीव भरून निघाली प्रकाश नारायण संतांच्या लंपनमुळे. ‘वनवास’ हा संग्रह १९९४ साली आला. त्यामागून ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’.

लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढतो. गाव बेळगावच्या बाजूचे, मराठी आणि कानडी सरमिसळीचे. तो ‘मॅड’सारखा विचार करतो, प्रत्येक गोष्टीला भलतेच नेमके आकडे लावतो, आणि सुमीच्या बाबतीत त्याला जे काही होते त्याला त्याच्यापाशी नाव नाही. संतांचे मोठेपण असे की त्यांनीही ते नाव पुरविले नाही. प्रौढ लेखकाला ठाऊक असलेला शब्द मुलाच्या तोंडी न घालणे, हा या कथांतील सर्वांत मोठा संयम आहे. आणि आजी! ती लंपनला समजून घेण्याचा मुद्दाम प्रयत्न करताना दिसत नाही. ती बोलते, रागावते, खाऊ घालते. पण त्याच्या आत हात घालून काही बाहेर ओढीत नाही. तिच्या घरात त्याचे वेडेपण सुखरूप आहे. आईवडिलांच्या आठवणीचा कढ येतो तो त्याचा त्याला. आजीने त्याला पोरका म्हणून कुरवाळले असते, तर तो कढही त्याच्या मालकीचा राहिला नसता.

लंपन ज्या उंबरठ्यावर थांबतो, तेथून मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ने (२००४) आत पाऊल टाकले. आणीबाणीच्या वर्षातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे तीन मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा, आणि शिरोडकर. मुलांची टोळी हे या वयातले दुसरे घरच असते. त्या घराचे कायदे, त्यातली भाषा, कोण कोणाला ‘लाइन’ देतो याचे गंभीर हिशेब, हे सारे बोकीलांनी इतक्या तपशिलाने दिले आहे की पालकाला हे पुस्तक वाचताना आपल्याच मुलाच्या खिशात हात घातल्यासारखे वाटावे. आणीबाणीची पार्श्वभूमीही केवळ काळ सांगण्यासाठी नाही. बाहेर शिस्तीचा उदोउदो चालला आहे, शाळेतही तोच. आणि मुलांना मोठ्यांच्या बोलण्यातला पोकळपणा नेमका त्याच वयात ऐकू येऊ लागला आहे. या सगळ्यात मुकुंदाला बोलता येते ते नरूमामाशी. तो फार शहाणा आहे म्हणून नव्हे; तो मुकुंदाच्या प्रेमाला हसत नाही आणि त्याचा बाऊही करीत नाही म्हणून. आईवडील आणि मित्र यांच्या मधले असे एखादे माणूस प्रत्येक मुलाला लागते. एकत्र कुटुंबात ते आपोआप मिळे. चार खोल्यांच्या घरात ते मुद्दाम जोडून ठेवावे लागते.

‘शाळा’विषयी एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. मुकुंदाच्या मनाचा कानाकोपरा आपल्याला दिसतो. शिरोडकरच्या मनाचा जवळजवळ नाही. मुलाच्या पाठलागाला, टोळीच्या कुजबुजीला ती काय भावाने सामोरी जाते, चर्चा झाली तर घरी तिचे काय होईल, हे मुकुंदाला अंधुकच कळते, आणि कथन त्याच्याच डोळ्यांनी चालल्यामुळे वाचकालाही. प्रथमपुरुषी कथनाची ही मर्यादा म्हणून सोडून देता येईल. परंतु मुलगा वाढविण्याच्या दृष्टीने हाच कळीचा प्रश्न आहे : जिच्याकडे तू पाहतोस, तिलाही तुझ्याइतकेच मोठे मन आहे, ही जाणीव त्याला कोण देणार? ती या वयात आली नाही तर पुढे कायद्याने आणावी लागते, आणि कायदा फार उशिरा पोहोचतो.

दुसरी उणीव नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाने दाखवून दिली. तो चित्रपट असला तरी या चर्चेत त्याला जागा द्यायला हवी. जब्याचेही वय तेच, वर्गातली मुलगीही तशीच दूर. पण जब्याला बापाबरोबर डुकरे धरावी लागतात, आणि तीही शाळेच्या बाजूला, वर्गसोबत्यांच्या डोळ्यांदेखत. मुकुंदाची लाज त्याची स्वतःची होती. जब्याची लाज जातीने त्याच्यावर लादलेली आहे. त्याचा बापाशी झगडा आहे, परंतु बापही त्याच चरकात पिळला जातो आहे हे आपल्याला दिसते. शेवटी तो दगड भिरकावतो तो आपल्या दिशेने येतो. चौदा वर्षांच्या मुलाचा राग म्हणजे वयाचा दोष, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना त्या दगडाने उत्तर दिले आहे. काही राग वयाबरोबर निवळतात. काही राग खरे असतात.

७

आजचे मेंदूविज्ञान सांगते की आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. हे ज्ञान उपयोगाचे आहे. मुलगा मुद्दाम तसे वागत नाही एवढा दिलासा ते देते. परंतु फटिकला मेंदूचे शास्त्र ठाऊक असलेली मामी मिळाली असती तर तो वाचला असता, असे वाटत नाही. त्याला घरात निःशंकपणे वावरता येईल अशी जागा हवी होती. वर उल्लेखिलेल्या सर्व कृतींत, एकमेकींपासून इतक्या दूर असूनही, ही एकच मागणी ऐकू येते. गांधीजींच्या वडिलांनी ती जागा मौनाने दिली, श्यामच्या आईने स्वतःच्या आचरणाने, लंपनच्या आजीने आपल्या सहज वागण्याने. पांडुरंगाच्या बापाला ती देता आली नाही. त्याने फक्त पैसे दिले.

आता बृहन्महाराष्ट्रातील घरांचा विशेष प्रश्न उरतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली वा कोलकाता येथे वाढणारा मराठी मुलगा शाळेत एक भाषा बोलतो, मित्रांत दुसरी. आणि मराठी त्याला ऐकू येते ती बहुतेक आज्ञार्थात : ऊठ, जेव, अभ्यास कर, फोन ठेव. ज्या भाषेत केवळ सूचना मिळतात, त्या भाषेत मुलगा मन मोकळे करील ही अपेक्षा व्यर्थ आहे. तेराव्या वर्षी तो घरात गप्प होतो, तेव्हा आपल्याला वाटते तो आपल्यापासून दुरावला. पुष्कळदा तो मराठीपासून आधीच दुरावलेला असतो, आणि त्याच्या नव्या, अवघड, लाजऱ्या भावनांसाठी घरच्या भाषेने त्याला एकही शब्द दिलेला नसतो. ‘झोंबी’तला तो शाळेसाठी झगडणारा मुलगा आपल्यातील अनेक मुलांना भेटला तो बारावीच्या ‘वितान’ या हिंदी पाठ्यपुस्तकात, ‘जूझ’ या नावाने. भेटला हे चांगलेच झाले. पण कागलच्या मुलाची कहाणी मराठी घरातल्या मुलाला हिंदीतून, तीही परीक्षेसाठी, वाचावी लागावी, यात आपणा पालकांना विचार करण्यासारखे काही आहे.

येथे लंपन पुन्हा उपयोगी पडतो. तोही सीमेवरचाच मुलगा. त्याची मराठी शुद्ध नाही. तिच्यात कानडी आहे, इंग्रजी आहे, त्याचे स्वतःचे वेडेवाकडे शब्द आहेत. संतांनी त्या सरमिसळीतूनच त्याचे सर्वांत खोल मन बोलते केले. तेव्हा आपल्या मुलाच्या मराठीत हिंदीचे किंवा बंगालीचे शब्द आले म्हणून त्याला तोंडावर दुरुस्त करणारा पालक व्याकरण जिंकतो आणि संभाषण हरतो. सरमिसळीची का होईना, पण बोलण्याची मराठी घरात राहू द्यावी; शुद्धतेचे पुढे पाहता येईल.

आणि आपल्या लेखकांकडेही एक मागणे आहे. लंपन आला, मुकुंद आला, जब्या पडद्यावर आला. परंतु परप्रांतात वाढणारा, दोन भाषांच्या फटीत उभा राहिलेला चौदा वर्षांचा मराठी मुलगा अजून आपल्या कथेत पुरेसा आलेला नाही. तो येईल तर अशाच मासिकांच्या पानांतून यावा, कारण त्याला पाहणारे डोळे येथेच आहेत. तोपर्यंत पालकांनी निदान एवढे करावे : ‘शाळा’ आणि ‘वनवास’ ही पुस्तके मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः वाचावीत. वाचून झाल्यावर त्याच्याशी त्यांविषयी बोलण्याची घाई करू नये. पुस्तक दिवाणखान्यात, सहज हाताशी येईल असे ठेवून द्यावे. ते तेथून नाहीसे झाले, तर कोठे गेले म्हणून विचारू नये.